लाखातला एक अंश

श्रवणयंत्राची शिट्टी बाहेरून येत नाही. यंत्राने कानात सोडलेला आवाज कानातून निसटतो, पुन्हा त्याच यंत्राच्या मायक्रोफोनमध्ये शिरतो, आणि यंत्र त्याला नवा आवाज समजून पुन्हा मोठा करतं. आपलंच बोलणं दुसऱ्याचं समजण्यात सगळा घोटाळा आहे.

*

यंत्राने आवाजाची ताकद एक लाखपट केली, म्हणजे 50 डेसिबल वाढवली, असं धरू. शिट्टी सुरू व्हायला त्यातला लाखातला एक अंश परत आला तरी पुरे. त्याची कंपनं मूळ कंपनांशी जुळली की झालं.

जितकं कमी ऐकू येतं, तितकं यंत्र जोराचं लागतं. यंत्र जितकं जोराचं, तितकी बारीक फटही महागात पडते. ज्याला मदतीची गरज सर्वांत जास्त, त्याच्याच कानात शिट्टी सर्वांत लवकर वाजते.

*

आवाज घेऊन, त्यावर हिशेब करून तो कानात सोडायला डिजिटल यंत्राला साधारण 5 ते 8 मिलिसेकंद लागतात. कानातून मायक्रोफोनपर्यंतची परतीची वाट दोन-चार सेंटिमीटरांची. तिथे वेळ जवळपास लागतच नाही. एका फेरीत 5 डेसिबलची वाढ होत असेल तर दहा फेऱ्यांत 50 डेसिबल. ऐकूही न येणाऱ्या कुजबुजीची शिट्टी व्हायला सेकंदाचा दहावा हिस्साही पुरून उरतो.

चूक मोठी होण्यासाठी मुळात मोठी असावी लागत नाही. तिला फिरून यायला वाट मिळाली की पुरतं.

*

परभणी जिल्ह्यात हा आवाज प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. गावात अखंड हरिनाम सप्ताह असतो, कीर्तन रंगात येतं, महाराज दोन पावलं पुढे सरतात, हातातला माईक बॉक्ससमोर येतो आणि मंडपभर कुई होते. जनाबाईंच्या गंगाखेडात होते तीच जिंतुरात, तीच पाथरीत. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ सोरेन लार्सन यांच्या नावाने जगभर ओळखला जातो तो हाच परिणाम.

मंडपातल्या माईकवाल्याकडे तीन उपाय असतात. आवाज उतरवायचा, माईकचं तोंड फिरवायचं, नाहीतर बॉक्स उचलून माईकच्या पुढे नेऊन ठेवायचे. कानात बॉक्स हलवायला जागा नसते. तिथे माईक आणि बॉक्स एकाच घरात, दोन बोटांच्या अंतरावर राहतात.

*

जुनं यंत्र सदऱ्याच्या खिशात असायचं. मायक्रोफोन छातीशी, वायर कानापर्यंत. दिसायला ओबडधोबड, कापड घासलं की खरखर. पण शिट्टी कमी, कारण बोलणारा आणि ऐकणारा भाग एकमेकांपासून लांब होते. मग यंत्र कानामागे गेलं, पुढे कानात शिरलं. लोकांना ते दिसू नये म्हणून लहान होत गेलं.

लपवण्याची किंमत शिट्टीने वसूल केली. बहिरेपणाची लाज नसती तर यंत्राला इतकं लहान होण्याची घाई नसती.

*

शिट्टी घरातल्या सगळ्यांना ऐकू येते. पुष्कळदा ज्याच्या कानात ती वाजते त्यालाच येत नाही. वयानुसार आधी बारीक, तीक्ष्ण आवाज जातात, आणि शिट्टी नेमकी त्यातलीच असते.

म्हणून नातू सांगतो, ‘‘नाना, मशीन वाजायलीय तुमची.’’ पंगतीत सांगतो, पाहुण्यांत सांगतो, एस.टी.त सांगतो. नानांना शिट्टी ऐकू येत नाही, पण माना वळलेल्या दिसतात. ते मशीन काढून खिशात घालतात. पुढे ती कपाटात जाते. शेवटी लग्नकार्यापुरतीही निघत नाही.

आपल्याला न ऐकू येणाऱ्या आवाजाबद्दल माणसाने शरमिंदं व्हावं, एवढा एकटेपणा दुसरा नाही.

*

सर्वांत सोपा उपाय आवाज कमी करण्याचा. जिथे शिट्टी येते, त्या पट्टीतली वाढ उतरवायची. शिट्टी जाते.

पण त्या पट्टीत आणखीही काही राहतं. स, श, त, थ, ठ, फ ही व्यंजनं तिथे, सेकंदाला दोन-चार हजार कंपनांच्या आसपास आणि त्याच्या वर आहेत. स्वर खाली, जाडसर, म्हाताऱ्या कानालाही ऐकू येणारे. व्यंजनं वर, पातळ, पटकन विरणारी. ‘सात’ आणि ‘आठ’ यांतून वरचा भाग काढला तर दोन्हीकडे नुसता ‘आ’ उरतो.

मानवतच्या मोंढ्यात कापसाचा भाव विचारणाऱ्या शेतकऱ्याला सात हजार आणि आठ हजार यांतला फरक ऐकू यावा म्हणून तर यंत्र दिलं. शिट्टी घालवताना तोच फरक घालवला, तर यंत्र शांत झालं आणि माणूस पुन्हा बहिरा.

शांतता हा यंत्राचा गुण नव्हे. समजणं हा गुण.

*

शिट्टी म्हणजे शेवटची पायरी. बिघाड तिच्या आधी सुरू झालेला असतो. काठापासून दोन-तीन डेसिबल अलीकडेच शब्दांना किणकिण चिकटते, प्रत्येक अक्षर थोडं लांबतं, पुढच्या अक्षरावर सांडतं. यंत्र वाजत नाही म्हणून घरचे म्हणतात, सगळं ठीक आहे. वापरणारा म्हणतो, आवाज येतो पण बोलणं कळत नाही.

या वाक्यावर विश्वास ठेवावा. ते वाक्य तक्रार नसून मोजमाप आहे.

*

दुसरा उपाय छेद देण्याचा. शिट्टी ज्या सुरावर वाजते तेवढाच सूर चिरून काढायचा. बरं वाटतं. पण फट तशीच असते, आणि आवाज शेजारच्या सुरावरून वाट काढतो. तोही चिरला तर तिसऱ्यावरून. असे छेद वाढत गेले की बोलण्याचं कापडच विरतं.

*

तिसरा उपाय सरकवण्याचा. बेल लॅबोरेटरीत काम करणाऱ्या मानफ्रेड श्रोडर यांनी सभागृहांतल्या कुईवर तो मांडला. माईककडून आलेला आवाज बाहेर सोडताना अवघ्या काही कंपनांनी वर सरकवायचा. परत आलेला आवाज मग मूळ आवाजाशी जुळत नाही. प्रत्येक फेरीत तो आणखी सरकतो, एका जागी साचत नाही, म्हणून फुगत नाही.

बोलण्यात हा सरक कोणाच्या ध्यानातही येत नाही. पण तंबोरा लागला की येतो. फटीतून थेट आलेला खरा सूर आणि यंत्रातून आलेला सरकवलेला सूर कानात एकमेकांवर आपटतात, आणि स्थिर सूर डुगडुगू लागतो. बोलण्याला जे माफ, ते सुराला माफ नसतं.

*

चौथा उपाय ओळखण्याचा, आणि आजच्या डिजिटल यंत्राचा खरा आधार तोच. यंत्राच्या आत गळतीच्या वाटेची एक गणिती नक्कल ठेवतात. कानात आत्ता सोडलेला आवाज त्या वाटेने परतला तर कसा दिसेल, याचा ती नक्कल अंदाज करते. मायक्रोफोनने जे ऐकलं त्यातून तो अंदाज वजा करायचा. जे उरतं ते जगाचं.

अंदाज चुकणारच. म्हणून उरलेली चूक पाहायची आणि नक्कल त्या दिशेने थोडीशी दुरुस्त करायची. पुन्हा पाहायचं, पुन्हा थोडीशी. सेकंदाला हजारो वेळा. ही शिकण्याची रीत स्टॅनफर्डच्या बर्नार्ड विड्रो आणि टेड हॉफ यांनी 1960 मध्ये मांडली, तेव्हा श्रवणयंत्र त्यांच्यासमोर नव्हतं. 1996 च्या सुमारास डेन्मार्कच्या वायडेक्स आणि ओटिकॉन या कंपन्यांची पूर्ण डिजिटल यंत्रं बाजारात आली आणि असा हिशेब कानामागे मावण्याची वाट मोकळी झाली.

या उपायात जगाचा आवाज कमी करावा लागत नाही, चिरावा लागत नाही. आपण किती निसटतो हे स्वतःच मोजून वजा करावं लागतं. ऐकण्याची याहून प्रामाणिक रीत मला माहीत नाही.

*

‘थोडीशी’ या प्रमाणात सगळं कसब आहे.

दुरुस्ती मोठ्या पावलांनी केली तर नक्कल चटकन शिकते, पण प्रत्येक आवाजामागे धावते आणि बोलणं विद्रूप करते. लहान पावलांनी केली तर बोलणं स्वच्छ राहतं, पण फोन कानाला लावताच वाट बदलते आणि नक्कल मागे पडते. तेवढ्यात शिट्टी वाजून जाते. चांगलं यंत्र दोन्ही गती जवळ ठेवतं. वाट बदलली की धावतं, वाट स्थिरावली की सावकाश चालतं.

*

चौथ्या उपायातही एक धोका आहे, आणि तो भजनात दिसतो.

कानात सोडलेला आवाज हा मुळात बाहेरच्याच आवाजाची मोठी प्रत. बोलणं क्षणाक्षणाला बदलतं, त्यामुळे आत्ताचं बोलणं आणि मघाचं परतलेलं बोलणं यांत फरक करता येतो. पण पेटीवर बोट ठेवून सूर धरला, बासरीचा स्वर लांबवला, देवळातली घंटा घुमत राहिली, की आत्ता आणि मघा सारखेच. यंत्राला वाटतं, इतकी एकसारखी गोष्ट म्हणजे आपलीच शिट्टी. ते खरा सूर वजा करू लागतं. सूर थरथरतो, मध्येच बुडतो, आणि थांबल्यावरही एक खोटा सूर मागे रेंगाळतो.

बोलण्यात हुशार ठरलेलं यंत्र हरिपाठाला गोंधळतं, ते असं. ज्याने आयुष्यभर पेटीवर साथ केली त्याला हे सांगावं लागत नाही. तो यंत्र काढून बसतो.

स्वतःला वजा करण्याची सवय लागली की दुसऱ्याचा निर्मळ सूरही आपलाच वाटू शकतो. म्हणून जाणते अभियंते यंत्राला संशय शिकवतात तशी संशयाची मर्यादाही शिकवतात. वजाबाकी करण्याआधी आवाजातला एकसारखेपणा मोडून पाहतात, थोडा विलंब घालतात, थोडा सूर सरकवतात, दोन मायक्रोफोनांची साक्ष घेतात. अनेक यंत्रांत संगीतासाठी वेगळा प्रोग्राम असतो, ज्यात ही वजाबाकी मंदावलेली असते. तो मागून घ्यावा लागतो. परभणीच्या आजोबांना भजन ऐकायचं आहे, हे विचारल्याशिवाय कोणत्याही संगणकाला कळत नाही.

*

नात धावत येऊन गळ्यात पडते. तिचा गाल कानाशी येतो, बाहेर जाणारा आवाज तिच्या गालावरून परततो, मशीन किंचाळते. नात दचकून मागे होते.

अशा दोन-तीन प्रसंगांनंतर आजी मुलांना त्या बाजूने जवळ घेत नाही.

गळती ओळखणाऱ्या गणिताने दहा-पंधरा डेसिबलची मोकळीक मिळते असं तज्ज्ञ सांगतात. घरात त्या मोकळिकीचा अर्थ एवढाच, की नातीला जवळ घेता येतं.

*

गणिताच्या आधी साचा.

प्रत्येक कानाचा आकार वेगळा, एकाच माणसाचे दोन कानही वेगळे. कानात मऊ लगदा भरून ठसा घेतात, त्यावरून साचा बनवतात. साचा नीट बसला तर निसटणारा आवाज मुळातच कमी, आणि गणिताला काम थोडं. तयार रबरी टिप मिळाली, ती सैल बसली, तर उत्तम गणितही रात्रंदिवस गळती उपसत बसतं.

कान स्थिर नसतो. लहान मुलाचा वाढतो, म्हणून साचा काही महिन्यांत सैल होतो. म्हाताऱ्या माणसाचं वजन उतरतं, कानाची कूर्चा मऊ पडते, साचा ढिला होतो. चावताना जबडा हलतो आणि कानाची नळी रुंदावते. नळीत मळ साठला की आवाज त्यावर आपटून माघारी फिरतो. साच्याला जोडलेली प्लास्टिकची नळी कडक होऊन तडकते.

शिट्टी वाजली की लोक यंत्राला दोष देतात. बदललेला असतो कान.

*

साचा अगदी घट्ट केला तर दुसरं दुखणं. बंद कानात माणसाचा स्वतःचाच आवाज घुमतो, घास चावल्याचाही गडगडाट होतो. म्हणून साच्याला बारीक भोक ठेवतात. भोकातून घुमणं बाहेर जातं, आणि त्याच भोकातून शिट्टी जन्म घेते.

कान बंद केला तर आपलाच आवाज कोंडतो, उघडा ठेवला तर आपलाच आवाज परततो. दोन्हींच्या मध्ये एक मिलिमीटरभर जागा आहे. ती जागा शोधणाऱ्याला ऑडिऑलॉजिस्ट म्हणतात.

*

परभणीचा उन्हाळा या शास्त्राच्या पुस्तकात नाही. वैशाखात इथला माणूस ऊन लागू नये म्हणून डोक्यासकट कान रुमालाने बांधून घराबाहेर पडतो. जाड कापड यंत्रावर चढलं की बाहेर जाणारा आवाज कापडावरून परततो. घामाने साचा सरकतो. मशीन वाजते, माणूस रुमाल सोडत नाही, मशीन सोडतो. उन्हाचा प्रश्न आजचा असतो, ऐकण्याचा उद्यावर टाकता येतो.

म्हणून यंत्र बसवताना कान उघडा ठेवून तपासणं पुरेसं नाही. रुमाल बांधून तपासावं, फोन लावून तपासावं, पदर डोक्यावर घेऊन तपासावं. माणूस जसा जगतो तसा तपासावा.

*

यंत्र मिळण्याच्या वाटा आहेत. केंद्राची एडिप योजना 1981 पासून आहे. 2017 पासून राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. महाराष्ट्राने 2024 मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. 65 वर्षांवरच्या गरजूंच्या खात्यात साहाय्यक साधनांसाठी एकदाच 3,000 रुपये जमा होतात, आणि त्या साधनांत श्रवणयंत्रही आहे. या वाटा चांगल्या आहेत, आणि त्या ज्यांनी काढल्या त्यांचे आभार मानले पाहिजेत.

पण एकदाच दिलेलं यंत्र म्हणजे अर्धी मदत. साचा पुन्हा लागतो. नळी पुन्हा लागते. सेल पुन्हा लागतो. बसवणारा हात पुन्हा पुन्हा लागतो. मुंबईत वांद्र्याला 1983 पासून अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे. तिथे वाचा आणि श्रवण यांचे जाणकार घडतात. परभणीहून देवगिरी एक्स्प्रेसने ते एका रात्रीचं अंतर. पालमच्या किंवा सोनपेठच्या म्हाताऱ्याला सैल साच्यासाठी ते अंतर झेपणारं नाही. ज्या दिवशी साचा तालुक्याच्या गावी दुरुस्त होईल, त्या दिवशी योजना पूर्ण झाली म्हणावं.

*

स्वस्त आणि महाग यंत्रांत मोठा फरक गणिताचा असतो. गळती ओळखणारी वजाबाकी, बोलणं आणि गोंगाट वेगळा करणारी पारख, सगळी गणितं. गणित एकदा सुटलं की त्याची प्रत काढायला खर्च येत नाही. मुंबईच्या आयआयटीत प्रेम पांडे यांच्या प्रयोगशाळेने श्रवणयंत्रातली प्रक्रिया साध्या स्मार्टफोनवर चालवून दाखवली. जर्मनीत ओल्डेनबर्गच्या संशोधकांनी आपली श्रवणयंत्राची संगणकप्रणाली सर्वांसाठी खुली केली. तीत शिट्टी आवरणारा भागही आहे.

म्हणजे ज्ञान अडलेलं नाही. चांगलं ऐकणं ही शहरातल्या सधन कानाची मिरास राहण्याचं कोणतंही शास्त्रीय कारण उरलेलं नाही.

*

शिट्टीचा एक उपयोगही आहे. तळहातात धरून मूठ सैलसर मिटली की चालू यंत्र वाजतं. वाजलं तर सेल जिवंत आहे, यंत्र जागं आहे. जाणते लोक रोज सकाळी तेवढं करून मगच ते कानाला लावतात.

दोष आणि जिवंतपणा यांची खूण एकच असू शकते. म्हणून दोष दिसला की वस्तू टाकू नये, आधी पाहावं की ती काय सांगते आहे.

*

यंत्राचं भलं करणाऱ्यांनी तीन गोष्टी शिकवल्या. जग गप्प करून स्वच्छ ऐकू येत नाही. आपण किती परततो हे सतत मोजत राहिल्याशिवाय दुसऱ्याचं बोलणं वेगळं होत नाही. आणि हे मोजताना दुसऱ्याचा धरलेला सूर आपला म्हणून पुसायचा नसतो.

चौथी गोष्ट यंत्राला शिकवता येत नाही. ती घराला शिकावी लागते.

*

घरातल्या म्हाताऱ्या माणसाची मशीन वाजली तर ‘काढून ठेवा’ म्हणू नका. लोकांत ओरडून सांगू नका. त्यांना दिसेल असं, समोर येऊन, हलकेच सांगा. साचा आत नीट बसला आहे का पाहा. कान डॉक्टरांना दाखवून मळ काढून घ्या. नळी तडकली असेल तर बदला. साचा जुना असेल तर नवा करून घ्या. यंत्र बसवणाऱ्याला स्पष्ट विचारा की शिट्टी घालवताना त्याने आवाजच उतरवला का. कपाटात पडून असलेली मशीन आज बाहेर काढा, नवा सेल घाला आणि पुढच्या आठवड्यात त्यांना सोबत घेऊन जा. एकट्याला पाठवू नका. तिथे काय सांगितलं ते ऐकायला दुसरा कान लागतो.